पुराच्या गावात रेकॉर्डी सांभाळताना

पावसाळा सरला की महाड-पोलादपूरकडच्या घरांतून दर वर्षी तेच प्रश्न ऐकू येतात. रेकॉर्डींवर पांढरी बुरशी आली आहे, पुसायची कशाने? वडिलांचा प्लेअर फिरतो, पण आवाज रडका येतो, टाकून द्यावा का? भंगारवाला सगळ्या मिळून किलोच्या भावाने मागतो, देऊ का? आणि २०२१ च्या पुरानंतर आणखी एक प्रश्न: चिखलात गेलेल्या रेकॉर्डी अजून गोणत्यात तशाच आहेत, त्यांचं काही होईल का?

या भागात रेकॉर्डी आल्या त्या बहुतेक चाकरमान्यांच्या ट्रंकेतून. गिरणीत, गोदीत नाहीतर रेल्वेत काम करणारा माणूस गणपतीला नि शिमग्याला गावी येताना दोन-चार घेऊन यायचा. त्यामुळे एकाच पेटीत नाट्यगीतं, गीतरामायण, लावण्या आणि सिनेमाची गाणी सापडतात. चवदार तळ्याच्या परिसरातल्या अनेक घरांत त्यांच्याच शेजारी प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्या आवाजातली भीमगीतं आणि कव्वाल्याही असतात. २० मार्चचा चवदार तळे सत्याग्रह दिन आणि १४ एप्रिलची आंबेडकर जयंती या दोन दिवशी त्या बाहेर काढल्या जात, कर्ण्याला जोडल्या जात आणि पुन्हा फडक्यात गुंडाळल्या जात.

गाजलेल्या सिनेमांची गाणी तुम्हाला मोबाइलवरही मिळतील. छोट्या रेकॉर्डींवरच्या अनेक भीमगीतांचं, पोवाड्यांचं तसं नाही. ती पुन्हा निघाली नाहीत, त्यामुळे घरातली तबकडी गेली की तो आवाजही गेला. म्हणून सगळं सारखंच जपायचा हट्ट धरू नका, दुर्मीळ ते आधी वाचवा. आणि प्लेअरच्या मागे लागण्यापूर्वी रेकॉर्डींच्या जागेचा बंदोबस्त करा.

हातात काय आहे ते ओळखा

काळ्या आणि गोल म्हणून सगळ्या रेकॉर्डी एकाच जातीच्या समजल्या जातात. निम्मं नुकसान तिथेच होतं.

- लाखेची तबकडी: जड आणि कडक. बोटाने टिचकी मारली तर टणक वाजते, पडली तर फुटते. बहुतेक १० इंची, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं, मिनिटाला ७८ फेरे. आपल्याकडे या १९६० च्या दशकातही निघत होत्या.
- एलपी: विनाइलची, १२ इंची, किंचित लवते. मिनिटाला ३३⅓ फेरे, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं.
- ईपी, म्हणजे छोटी रेकॉर्ड: ७ इंची, बहुधा ४५ फेऱ्यांची, दोन्ही बाजू मिळून दोन ते चार गाणी. भीमगीतं बहुतकरून यांवरच मिळतात.

लेबलवर कंपनीचं नाव आणि अक्षर-आकड्यांचा एक क्रमांक असतो. गाण्यांच्या खाचा संपतात तिथे, लेबलच्या कडेला, आणखी एक बारीक क्रमांक कोरलेला दिसतो. हे दोन्ही वहीत उतरवून ठेवा. लेबल उद्या भिजून गेलं तरी कोरलेला क्रमांक राहतो, आणि त्यावरून जाणकार माणूस रेकॉर्ड ओळखू शकतो. कव्हरवर विक्रेत्याचा शिक्का असेल आणि त्यात ‘जि. कुलाबा’ लिहिलेलं असेल तर ती रेकॉर्ड बहुधा १९८१ पूर्वी विकली गेली आहे, कारण त्या वर्षी जिल्ह्याचं नाव रायगड झालं.

जागा: पूर खालून, ऊन वरून

महाडात सावित्री आणि गांधारी कधी चढतील ते सांगता येत नाही. २००५ आणि २०२१, दोन्ही जुलै महिन्यांत बाजारपेठ पाण्याखाली गेली, आणि २०२१ मध्ये कित्येक घरांत पाणी पहिल्या मजल्यापर्यंत पोचलं. त्यामुळे तळमजल्यावरचं कपाट कितीही मजबूत असलं तरी पावसाळ्यात ती रेकॉर्डींची जागा नव्हे.

मग माळा? इथे दुसरी अडचण आहे. पत्र्याच्या किंवा सिमेंटच्या पन्हळी छपराखालचा माळा एप्रिल-मे महिन्यांत भट्टीसारखा तापतो आणि विनाइल उष्णतेने वाकतं. एलपी एकदा बशीसारखी वाकली की घरगुती उपायांनी ती पुन्हा सरळ होत नाही. कौलारू माळा त्यामानाने थंड, पण तिथे गळती आणि उंदीर. पोलादपूरकडच्या डोंगरउतारावरच्या घरांना नदीचा धोका कमी असेल, तरी भिंतीतून झिरपणाऱ्या ओलीचा जास्त.

त्यामुळे वर्षभर एकच जागा असा नेम ठेवू नका. उन्हाळ्यात रेकॉर्डी खाली, आतल्या थंड खोलीत ठेवा. मे अखेरीस आगोटीची कामं निघतात, लाकूडफाटा आणि मीठ-मसाला भरला जातो. त्याच यादीत ‘रेकॉर्डी वर नेणे’ हे काम लिहा. दिवाळीच्या साफसफाईत त्या परत खाली आणा. वर्षातून दोनदा हात फिरला की बुरशी आणि वाळवीही वेळेत दिसते.

ठेवताना एवढं पाळा:

- रेकॉर्डी उभ्याच ठेवा, पुस्तकांसारख्या. आडव्या थप्पीत खालच्या दबतात आणि लाखेच्या तडकतात. तिरक्या टेकवूनही ठेवू नका.
- कव्हरसकट १०० एलपींचं वजन २० ते २५ किलो भरतं. एका पेटीत २५ पेक्षा जास्त रेकॉर्डी भरू नका. पाणी चढू लागलं तर घरातल्या एकट्या माणसाला पेटी उचलून जिना चढता आला पाहिजे.
- पेटी म्हणून झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या किंवा पत्र्याची पेटी. लाकडी पेटीला वाळवी लागते, पुठ्ठ्याचं खोकं ओल धरतं.
- डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पावसाळ्यात दर महिन्याला बदला. डांबराच्या गोळ्या मात्र टाकू नका, त्यांच्या वाफेने प्लास्टिक खराब होऊ शकतं.
- आतलं जुनं, पिवळं पडलेलं पाकीट काढून पातळ पॉलिथिनचं नवं घाला. वर्तमानपत्रात कधीही गुंडाळू नका. जाड, चिकट झालेली जुनी प्लास्टिक कव्हरंही काढा, ती रेकॉर्डीच्या अंगाला डकतात.

दुर्मीळ रेकॉर्डींची पेटी वेगळी करा आणि तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहा. घाईच्या वेळी कोणती आधी उचलायची हे घरातल्या लहान मुलालाही कळलं पाहिजे.

धुण्याची रीत

सुतार फर्निचरला पॉलिश करताना लाख कशात विरघळवतो? स्पिरिटमध्ये. लाखेच्या तबकडीवर स्पिरिट, कलोन किंवा करोनाच्या काळात उरलेलं सॅनिटायझर लावलं तर खाचाही तशाच विरघळतात. बुरशी जावी म्हणून सॅनिटायझरने पुसलेल्या तबकड्या मी पाहिल्या आहेत. दिसायला चकचकीत, पण गाणं पुसलेलं. विनाइलला स्पिरिटने इतकं होत नाही, पण घरात दोन्ही प्रकार असतील तर चूक टाळण्यासाठी ते लांबच ठेवा. चकाकीसाठी खोबरेल, बुरशीसाठी रॉकेल, मळासाठी रिठ्याचं पाणी हे तिन्ही उपाय बंद करा. तेल खाचांत धूळ धरून ठेवतं, रॉकेल आणि रिठा थर सोडतात.

बरोबर रीत अशी:

१. बुरशी असेल तर तोंडाला फडकं बांधून, घराबाहेर, मऊ कोरड्या ब्रशने ती आधी झटका.
२. एक लिटर पाण्यात भांडी घासायच्या सौम्य द्रवाचे दोन थेंब. पाणी कोमटापेक्षा जास्त गरम नको.
३. मऊ मायक्रोफायबर कापड भिजवून खाचांच्या दिशेने गोल फिरवा, आडवं नाही. लेबलवर पाणी जाऊ देऊ नका.
४. शेवटचं पाणी डिस्टिल्ड असावं, म्हणजे क्षाराचे डाग राहत नाहीत. गॅरेजमध्ये बॅटरीत घालायचं पाणी मिळतं ते चालतं. बाटलीवर ‘ॲसिड’ लिहिलेलं नाही ना, ते मात्र वाचून घ्या.
५. भांड्यांच्या स्टँडमध्ये उभी ठेवून सावलीत वाळवा. ऊन किंवा केस वाळवायचं यंत्र नको.

लाखेची तबकडी पाण्यात बुडवून ठेवू नका. ओलसर फडक्याने झटपट पुसा आणि लगेच कोरडी करा. तडा गेला असेल तर पाणी लावूच नका.

पुरात भिजल्या तर

पुराचं पाणी म्हणजे गाळ, गटार आणि सांडलेलं डिझेल. पूर ओसरल्यावर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) भीतीही असते, त्यामुळे हातमोजे आणि गमबूट घातल्याशिवाय त्या ढिगात हात घालू नका. माणसांची, औषधांची, कागदपत्रांची सोय लागली की मग रेकॉर्डींकडे वळा. काही दिवस उशीर झाला तरी विनाइल वाचतं.

क्रम असा ठेवा. पहिल्यांदा फोटो काढा, काहीही धुण्याआधी. मग लाखेच्या तबकड्या बाहेर काढून पुसा, कारण त्या फार काळ पाण्यात राहिल्या तर खराब होतात. त्यानंतर कव्हरं सोडवा. दोन दिवसांत ओल्या पुठ्ठ्याला बुरशी धरते आणि ती एकमेकांना चिकटतात. कव्हर वाचण्यासारखं नसेल तर निदान दोन्ही बाजूंचा फोटो घ्या. गायक, गीतकार, वादक यांची नावं पुष्कळदा तिथेच असतात. एलपी आणि ईपी शेवटी.

गाळ खाचांत वाळू देऊ नका. वाळलेला गाळ पुसणं म्हणजे रेकॉर्डीवर कानस फिरवणं. लगेच नीट धुणं जमलं नाही तरी वरून साधं पाणी ओतून गाळ उतरवा. पुरानंतर नळ बंद असतात, टँकरचं पाणी पिण्यालाच पुरत नाही. पण आकाशातून थेट बादलीत पडलेलं पावसाचं पाणी जवळजवळ डिस्टिल्डसारखंच असतं. उघड्यावर स्वच्छ बादली ठेवा. पागोळ्यांचं नको, त्यात कौलांवरची माती येते.

आणि गोणत्यात वाळून गेलेल्या जुन्या चिखलाच्या रेकॉर्डी? विनाइलच्या असतील तर फेकू नका. साध्या पाण्यात लेबल वर राहील अशा बेताने भिजवत, थांबत, पुन्हा भिजवत गाळ आपोआप सुटू द्या. घासणं सर्वांत शेवटी. एकेकीला दोन-तीन दिवस लागतील. खरखर थोडी राहील, पण गाणं बहुधा परत येईल.

पाण्यात गेलेला प्लेअर किंवा ॲम्प्लिफायर ‘बघू चालतो का’ म्हणून प्लगला लावू नका. आतून धुऊन, पूर्ण वाळवून, जाणत्या कारागिराने तपासेपर्यंत वायर गुंडाळून ठेवा. वीस-तीस वर्षं बंद असलेलं यंत्रही थेट चालू करू नका. कारागीर त्याला आधी सिरीज लॅम्पवर लावतो. आत शॉर्ट असेल तर बल्ब भगभगीत पेटतो आणि यंत्र वाचतं.

पंचनामा आणि विमा

तलाठ्याच्या पंचनाम्यात घरगुती सामानाचं नुकसान लिहिलं जातं, रेकॉर्डींसाठी वेगळं काही नसतं. तरीही प्लेअर, ॲम्प्लिफायर, स्पीकर यांची नावं त्यात घालायला सांगा आणि प्रत मागून घ्या. घराचा विमा असेल तर ती उपयोगी पडते. एप्रिल २०२१ पासून सर्व सामान्य विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही पॉलिसी द्यावी लागते. तिच्यात पूर येतो, आणि इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, कमाल १० लाख रुपये, घरातलं सामान्य सामानही आपोआप येतं. संग्राह्य किंवा मौल्यवान वस्तूंसाठी मात्र वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. संग्रह मोठा असेल तर त्याची यादी आणि फोटो पॉलिसी घेतानाच कंपनीकडे द्या.

वाजवायचं कशावर

सर्वांत मोठी चूक इथे होते. चावीच्या ग्रामोफोनवर एलपी लावू नका. त्याचा साउंड बॉक्स जड आणि पिन पोलादी, एकाच वाजवण्यात विनाइल सोलून निघतं. त्या ग्रामोफोनवर फक्त लाखेच्या तबकड्या लावा, आणि पिन प्रत्येक बाजूला नवी घ्या. एक पिन महिनाभर वापरायची काटकसर तबकडीच्या जिवावर येते.

उलट बाजूने, एलपीची सुई लाखेच्या तबकडीला बारीक पडते. ७८ च्या खाचा तिप्पट-चौपट रुंद असतात, सुई तळाशी घासत राहते आणि नुसती खरखर येते. जुन्या प्लेअरच्या सुईजवळ फिरवायची छोटी कळ असते, एकीकडे ७८, दुसरीकडे एलपी. ती कोणत्या बाजूला आहे हे रेकॉर्ड लावण्याआधी पाहा.

पर्याय तीन:

- घरातला जुना प्लेअर दुरुस्त करणं. एचएमव्ही, फिलिप्स, गॅरार्ड यांची यंत्रं मजबूत असतात. बिघाड बहुतेक वेळा सुकलेलं ग्रीस, कडक झालेलं रबरी चाक किंवा पट्टा आणि झिजलेली सुई एवढाच असतो. रडका आवाज म्हणजे वेग कमी पडतो आहे. ७८, ४५, ३३⅓ असे तिन्ही वेग लागत असतील तर मी हाच मार्ग सुचवेन.
- नवा टर्नटेबल. फक्त एलपी-ईपी असतील तर उत्तम. ७८ चा वेग नव्या यंत्रांत क्वचितच असतो, आधी विचारा. ॲम्प्लिफायरला ‘फोनो’ जोडणी नसेल तर प्री-ॲम्प आतच असलेलं यंत्र घ्या, नाहीतर आवाज अगदी क्षीण येतो.
- सूटकेससारखा स्वस्त प्लेअर. दिसतो देखणा, पण सुईचा हात जड असतो, पाच-सहा ग्रॅमपर्यंत. दुर्मीळ रेकॉर्ड त्यावर वारंवार लावू नका.

कार्ट्रिज म्हणजे हाताच्या टोकाचा, सुई बसते तो भाग. चांगल्या चुंबकी कार्ट्रिजला दीड ते अडीच ग्रॅम दाब पुरतो, जुन्या सिरॅमिकला तीन ते सहा. दाब सोनाराकडे असतो तशा छोट्या काट्यावर मोजता येतो. सुई उडते म्हणून हातावर नाणं ठेवायची जुनी सवय सोडा. उडण्याचं कारण मळ, झिजलेली सुई किंवा वाकलेली रेकॉर्ड हे असतं.

वेग घरीच तपासा. तबकाच्या कडेला कागदाची चिठ्ठी लावा आणि तीन मिनिटं फेरे मोजा. ३३⅓ वर १००, ४५ वर १३५, ७८ वर २३४ भरले पाहिजेत. अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेला जुना प्लेअर ११० व्होल्ट आणि ६० हर्ट्झचा असतो. ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज जुळतं, पण आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने अशा बऱ्याच यंत्रांचा वेग कमीच राहतो. पोलादपूरकडे वीज वारंवार जाते. साध्या इन्व्हर्टरवर या मोटारी घुमतात आणि तापतात. प्युअर साइनवेव्ह इन्व्हर्टर नसेल तर वीज येईपर्यंत थांबा.

दुरुस्तीला देताना

महाडच्या आसपास रेडिओ दुरुस्त करणारे जुने कारागीर अजून सापडतात, नाहीतर मुंबई-पुण्याला न्यावं लागतं. देण्याआधी कार्ट्रिज आणि सुईचे जवळून फोटो काढा. माझ्या रेकॉर्ड चेंजरचं मूळ कार्ट्रिज एका दुकानातून परत येताना बदललेलं होतं. माझ्याकडे ना फोटो होता, ना पावती, त्यामुळे बोलायला तोंड नव्हतं. पावतीवर बिघाड, अंदाजे खर्च, बदललेले सुटे भाग परत मिळतील हे लिहून घ्या.

फसवणूक झालीच तर पैसे घेऊन केलेली दुरुस्ती ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सेवा ठरते. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. तिथे सुटलं नाही तर दोन वर्षांच्या आत अलिबागच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. दुकान मुंबईचं असलं तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही.

संगणकात उतरवून घेणं

दुर्मीळ रेकॉर्ड एकदा नीट धुऊन, चांगल्या सुईवर लावून संगणकात उतरवा. फाइल वेव्ह किंवा फ्लॅक स्वरूपात ठेवा, एमपी३ फक्त ऐकण्यापुरती. एक प्रत घरी आणि एक मुंबई-पुण्याच्या नातेवाइकाकडे असू द्या, म्हणजे दोन्ही एकाच पुरात जाणार नाहीत.

स्वतःच्या ऐकण्यासाठी किंवा अभ्यासासाठी उतरवणं कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये बसतं. ते यूट्यूबवर टाकणं वेगळं. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो, म्हणजे १९६२ च्या रेकॉर्डीचा २०२२ अखेर संपला. पण शब्दांचा आणि चालीचा हक्क गीतकार-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं असतो. गीतरामायणाचे कवी गदिमा १९७७ साली गेले, त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ अखेरपर्यंत आहे. भीमगीतांचे कवी वामनदादा कर्डक २००४ साली गेले, तिथे २०६४. जयंतीच्या कार्यक्रमात वाजवायचं असेल तर परवानगीचं काय ते आयोजकांशी आधी बोलून घ्या.

विकणं, देणं, वाटणी

किलोवर कधीही देऊ नका, आणि यादी केल्याशिवाय एकगठ्ठाही नाही. जुन्या बाजारातला खरेदीदार पेटी चाळून आपल्या कामाच्या चार आधी बाजूला काढतो, त्या कोणत्या हे तुम्हाला त्याच्याआधी माहीत हवं. जुनी म्हणजे महाग असंही नसतं. लोकप्रिय सिनेमांच्या एलपी भरपूर निघाल्या, त्यांचा भाव स्थितीवर ठरतो. भावाभावांच्या वाटणीत संच फोडू नका. गीतरामायणाच्या संचातल्या पाच इकडे, पाच तिकडे झाल्या की दोन्ही घरांत अपुरं रामायण उरतं.

सांभाळणं जमणार नसेल तर संस्था आहेत. मुंबईत १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स हे संग्राहकांचं मंडळ आहे. सिनेसंगीताच्या रेकॉर्डींसाठी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे विचारता येईल. देताना दात्याचं नाव नोंदवावं आणि ध्वनीची एक प्रत तुम्हाला मिळावी, या दोन अटी लेखी घाला.

मृग लागायच्या आत एक काम कराच. घरात भीमगीतांची किंवा पोवाड्यांची एक जरी छोटी रेकॉर्ड असेल तर तिच्या लेबलचा फोटो घ्या, कोरलेला क्रमांक लिहून काढा आणि ती पेटी वर न्या.